समुद्र उजव्या हाताला

मुंबईहून गोव्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. गुळगुळीत रस्ता, डाव्या हाताला माड, उजव्या हाताला समुद्र आणि गाडीची काच खाली. हे चित्र मोटारींच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. जाहिरातीतल्या गाडीत पाच मित्र कोंबलेले नसतात, कोणाच्या मांडीवर कोणाची पिशवी नसते, आणि मुख्य म्हणजे त्यांना वाटेत खाडी लागत नाही.

कोकणात खाडी लागतेच. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ उभा आहे की त्याच्यावरून उतरणाऱ्या नद्यांना मोठं व्हायला सवडच मिळत नाही. उगम झाला, चार वळणं घेतली, की आलाच समुद्र. त्यामुळे त्या आपली सगळी हौस मुखाशी भागवून घेतात. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण ही नावं शाळेत आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे एका श्वासात म्हणून दाखवत असू. त्या कधीकाळी गाडीसकट ओलांडाव्या लागतील, हे कोणी सांगितलं नव्हतं. किनाऱ्याने प्रवास करणं म्हणजे पंचाहत्तर टक्के खाड्या ओलांडणं, वीस टक्के खाडीची वाट बघणं आणि उरलेल्या पाच टक्क्यांत समुद्र, हा हिशेब आमच्या बँकेचा आहे.

बँक हा आमचा मित्र. बँकेतून निवृत्त झाल्यावरही तो हॉटेलच्या बिलातल्या प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करतो, बेरीज दोनदा तपासतो आणि मगच बडीशेप तोंडात टाकतो, म्हणून त्याला सगळे बँकच म्हणतात. दुसरा डॉक्टर. गाडी त्याची, त्यामुळे तक्रार करण्याचा पहिला हक्कही त्याचा. तिसरा मास्तर, आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेला. माहितीचा फलक दिसला की तो शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या 'आदेशावरून'सकट, वाचल्याशिवाय जागचा हलत नाही. चौथा मालवणी. रायगड आणि रत्नागिरी हे दोन जिल्हे त्याच्या मते मालवणच्या वाटेत आलेले स्पीडब्रेकर आहेत. खरी नावं घेत नाही, कारण हे सगळे वाचतात आणि सगळे रुसतात.

सहलीची आखणी व्हॉट्सॲपवर होते. ग्रुप काढायला दोन मिनिटं लागतात आणि त्याला नाव द्यायला आठवडा. मग बँक एक तक्ता टाकतो. त्यात '10.15 मुरूड, 11.00 जंजिरा, 11.45 जंजिरा संपला' अशा नोंदी असतात. यावर मास्तर उसळला. "अरे, शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जो घेता आला नाही, तो तू पाऊण तासात संपवतोस?" बँकेने शांतपणे 11.45 च्या जागी 12.00 केलं.

प्रत्यक्षात राजपुरीहून शिडाची होडी सुटते, आणि शिडाला तक्ता कळत नाही. वारा पडला की सगळे उतारू नुसते एकमेकांकडे बघत बसतात. गडावर गाईडने सांगायला सुरुवात केली: "बावीस एकर, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षं." मास्तरला हा सगळा बावीसचा पाढा संशयास्पद वाटला आणि तो तटावरून बुरूज मोजत निघाला. "मोजू नका साहेब," गाईड मागून ओरडला, "होडी सुटेल!" इतिहासाचं संशोधन अशा व्यावहारिक कारणांनी मागे पडतं.

त्याच संध्याकाळी मुरूडच्या बुकिंगचं प्रकरण झालं. बँकेने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "मुरूडला खोल्या घेतल्यात. समुद्राला लागून. आणि भाव ऐकाल तर थक्क व्हाल." आम्ही मुरूडच्या पोस्टापाशी उभे राहून मालकांना फोन लावला.

"आलो हो आम्ही. पोस्टापाशी उभे आहोत."

"मीपण पोस्टापाशीच आहे. कुठली गाडी तुमची?"

"पांढरी."

"इथं पांढरी गाडी नाही."

"अहो, हात वर करतोय मी!"

दोघंही आपापल्या पोस्टापाशी बराच वेळ हात वर करून उभे असावेत. मग उलगडा झाला, की मालकांचं मुरूड ते दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. आमच्या आणि त्यांच्यामध्ये फेरीने ओलांडायच्या दोन खाड्या होत्या. भाव ऐकून थक्क होण्याचं कारणही तेव्हाच कळलं. "तरी बरं," मास्तर म्हणाला, "तिसरं मुरूड लातूर जिल्ह्यात आहे."

दापोलीच्या मुरूडला दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा मास्तरने आणखी एक माहिती पुरवली. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेला बसायला इथून पार साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथल्या लोकांनी 'वय लहान दिसतंय' म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. बँक तेवढा म्हणाला, "निघायच्या आधी नीट चौकशी करायला हवी होती." आम्ही चौघांनी त्याच्याकडे एकाच वेळी पाहिलं.

किनाऱ्याच्या रस्त्याचं स्वप्न तसं जुनं आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे 1980 च्या सुमारापासून, रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग लोक ऐकत आले आहेत. रस्ता बराच झालाही आहे; फक्त जिथं पाणी आलं तिथं तो थांबला, आणि कोकणात पाणी वारंवार येतं. फोनमधली बाई मात्र या कशाने विचलित होत नाही. ती त्याच आवाजात "पुढे सरळ जा" म्हणते आणि पुढे सरळ सावित्री नदी असते.

बरं, समुद्र तरी उजव्या हाताला असतो का? असतो; पण मध्ये काजूच्या बागा असतात, जांभ्या दगडाचे गडगे असतात, हापूसची कलमं, जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचा थांबा, आणि 'येथे कचरा टाकू नये' हा फलक शोधायला मदत करणारा कचरा असतो. या सगळ्यांच्या फटीतून एखाद्या वळणावर समुद्र दिसतो. कोणी तरी "तो बघ!" म्हणतो, आणि बाकीच्यांनी मान वळवेपर्यंत पुन्हा काजू. चालवणाऱ्याला तर तो कधीच दिसत नाही. कोकण पाहून आलेल्या डॉक्टरला घरी विचारलं तर तो फक्त ट्रकांच्या मागची वाक्यं सांगू शकतो. याला अपवाद दोन. आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता आणि गणपतीपुळ्याकडून रत्नागिरीकडे येताना लागणारं आरे-वारे. तिथं समुद्र खरोखर उजव्या हाताला, अगदी अंगावर, मैलभर साथ देतो. आणि दोन्ही ठिकाणी आम्ही नेमके जेवून पोचतो. मागच्या सीटवरचे तिघं त्या वेळी माना टाकून झोपलेले असतात.

तेव्हा खाडीकडेच येतो. खाडीवर फेरी असते. लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. यांतली दाभोळची 2003 साली सुरू झाली. त्याआधी पलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसत असलं तरी गाडीवाल्याला चिपळूणवरून वळसा घालावा लागे. दिसणं आणि पोचणं यांत कोकणाइतकं अंतर दुसरीकडे कुठं नसेल.

या फेरीत गाडी बहुधा उलटी चढवावी लागते. उतारावरून, शेवाळलेल्या काँक्रीटवरून, हलणाऱ्या लोखंडी फळीवरून, आणि संपूर्ण गावाच्या देखत. धक्क्यावर गाडी उलटी चढवणारा शहरी माणूस, ही त्या परिसरातली सर्वांत लोकप्रिय आणि पूर्णपणे मोफत करमणूक आहे. शाळेतून परतणारी मुलं दप्तरं खाली ठेवून बसतात. दुचाकीवाले इंजिन बंद करतात. वडे तळणारी मावशी गॅस बारीक करते.

आमच्या डॉक्टरचा हात शस्त्रक्रिया करताना कधी थरथरला नाही. पण त्या धक्क्यावर त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्याच्या कपाळावर घाम दिसला. तेवढ्यात आम्ही चौघं मदतीला उतरलो. हे आम्ही करायला नको होतं असं नंतर डॉक्टरचं म्हणणं पडलं. चौघं चार कोपऱ्यांना उभे राहिलो. बँक म्हणाला, "उजवीकडे घे." मास्तर म्हणाला, "उजवीकडे म्हणजे तुझ्या की गाडीच्या, ते आधी ठरवा." मालवणी नुसताच "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता, त्याची पाठ गाडीकडे होती आणि तो एका बोटवाल्याशी कोलंबीच्या भावाबद्दल बोलत होता. मी बॉनेटपाशी उभा राहून दोन्ही हातांनी अशी खूण करत होतो की जिचा अर्थ मलाही सांगता आला नसता.

शेवटी खलाशी पुढे आला. वय विशीचं, पायात स्लीपर. "तुम्ही सगळे जरा चहा घ्या," तो आम्हाला म्हणाला. मग डॉक्टरकडे वळून, "काका, आरशात बघू नका. माझ्याकडे बघा. या... या... डावी मारा... डावी... अहो, दुसरी डावी... बास!" आणि त्याने गाडीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. गाडी ट्रकच्या आणि एका टेम्पोच्या मधोमध, दोन्हीकडे बोटभर जागा सोडून, बसली. शाळेची मुलं निराश होऊन उठली.

डॉक्टर काच खाली करून खिडकीतून बाहेर आला. मालवणी मात्र तोवर मागच्या सीटवर जाऊन बसला होता, आणि दार उघडायला जागाच उरली नाही. त्याच्या देहयष्टीला खिडकीचा पर्याय नव्हता. आम्ही वर कठड्याशी उभे राहून खाडीवरचा वारा खाल्ला, पाण्यावर बगळे पाहिले, दाभोळचा धक्का लहान होत जाताना पाहिला. पलीकडे उतरल्यावर मास्तरने त्याला हळहळत विचारलं, "तुला वाशिष्ठी दिसलीच नाही ना रे?"

"दिसली की," तो म्हणाला. "एमआरएफची आहे. थोडी झिजलीय."

हरिहरेश्वरला आणखी एक शिक्षण झालं. तिथली डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणा ओहोटी असतानाच करता येते. भरतीच्या वेळी त्या खडकांवर जाणं म्हणजे लाटेच्या हाती हात देणं. डॉक्टरने भरती-ओहोटीचं ॲप उतरवून घेतलं होतं. ते उघडायला रेंज लागते आणि रेंज यायला टेकडीवर जावं लागतं. तो टेकडीवर गेला. इकडे देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी मास्तरला विचारलं, "आज तिथी काय?"

"अष्टमी."

"आठाची पाऊणपट?"

"सहा."

"सहाला पूर्ण भरती. म्हणजे बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आता साडेअकरा झालेत. जा बिनघोर, पण रेंगाळू नका."

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. ज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होती त्यांना समुद्र विचारून कळत असे. आमच्यात पाऊणकी फक्त बँकेला येते. त्याने उभ्या उभ्या पंचमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या सगळ्या भरत्या काढून दाखवल्या आणि दिवसभर तो सहन होईना. टेकडीवरून डॉक्टर ओरडत आला, "भरती सहा वाजून काही मिनिटांनी!" तोवर आम्ही खडकांच्या अर्ध्या वाटेवर होतो. मालवणीने या विजयातही वाटा मागितला. घरोघरी तिथी पोचवणारं 'कालनिर्णय' 1973 साली काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, तेव्हा हे गणितही अखेर मालवणातूनच आलं, असा त्याचा दावा होता.

तिथी न पाहता वाळूवर गाडी घालणारे दर मोसमात असतातच. ओली वाळू घट्ट दिसते, त्यामुळे माणसाला आपण आणि समुद्र यांच्यात काही करार झालाय असं वाटतं. मग चाक रुतलं की तो ॲक्सिलरेटर दाबतो, चाक आणखी खाली जातं, आणि भरती आपल्या वेळेवर निघते. किनाऱ्यावर ट्रॅक्टर असलेला एखादा भाऊ असतो. तो घाई करत नाही. आधी पाण्याकडे बघतो, मग गाडीच्या किमतीचा अंदाज घेतो, मग भाव सांगतो. पाणी जितकं जवळ, तितका भाव चढा. अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी गुहागरच्या पुळणीवर एक मे महिना काढावा.

राहण्याच्या जागांवर 'सी टच', 'सी फेसिंग', 'सी व्ह्यू' अशा पाट्या असतात. यांतल्या 'सी टच'ला समुद्र प्रत्यक्ष शिवत नाही, हे घरमालकाच्या दृष्टीने बरंच म्हणायचं. 'सी व्ह्यू' म्हणजे गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीवर एक पाय ठेवून, दोन माडांच्या मधून दिसणारी निळी रेघ. त्यातही वाळत घातलेली चादर वाऱ्याने उडाली तर. समुद्र दिसणारी अस्सल खोली कोकणात मिळाली ती ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला. इंग्रजांनी राज्य काढून घेऊन त्याला 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, पुढे 1910 मध्ये उंचावर राजवाडाही बांधून दिला. तिथून खाडी दिसते, समुद्र दिसतो, जाणारी गलबतं दिसतात. फक्त जाता येत नव्हतं. 1916 मध्ये तो तिथंच वारला. राजवाड्यातून बाहेर पडताना बँकसुद्धा म्हणाला, "आपली टाकीवाली गच्ची बरी."

घरगुती राहण्याच्या ठिकाणी काकूंचं राज्य असतं. सकाळी चहा देतानाच त्या विचारतात, "दुपारी जेवायला किती जण? मोदक हवेत? हवे असतील तर आत्ता सांगा. मागाहून मोदक होत नाहीत. मागाहून पोहे होतात." शहरातल्या माणसाला सकाळी आठ वाजता दुपारी दीडची भूक सांगता येत नाही. आम्ही एकमेकांकडे बघतो, चर्चा करतो, मतदान घेतो. काकू दारात उभ्या राहून हे सगळं संयमाने ऐकतात आणि मग स्वतःच ठरवतात.

खाडी ओलांडली की ताट बदलतं, ही आमच्या ग्रुपपुढची खरी अडचण. दापोली-गुहागरच्या बाजूला अनेक घरांत डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, आंबेडाळ, सांदणं, उकडीचे मोदक. मास्तर तिथं फुलतो. मालवणी प्रत्येक मोदकावर तुपाची धार सोडून तो गिळतो आणि पुन्हा खिन्न होतो. "चांगलंच आहे हो काकू," तो म्हणतो, "पण समुद्र इतका जवळ आहे..." काकू त्याला आणखी एक मोदक वाढतात. त्यांनी असे पुष्कळ पाहिलेत. गाडीत बसल्यावर तो आम्हाला धमकी देतो, "मालवणाक पोचलंव काय मगे दाखयतंय, जेवण म्हणजे काय असता ता."

मालवणात पोचल्यावर पारडं फिरतं. तिथल्या एका खाणावळीत मास्तरने विचारलं, "शाकाहारी काय आहे?"

"सोलकढी."

"आणि?"

पोऱ्याने बराच विचार केला. "आणखी सोलकढी."

यातही अलीकडे एक नवा प्राणी दिसतो. तो जुलैत येतो, भर पावसात, आणि 'आज धरलेली' सुरमई मागतो. 1 जून ते 31 जुलै यंत्रांच्या बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, मासे त्या काळात अंडी घालतात, हे त्याला ठाऊक नसतं. खाणावळवाल्याला ठाऊक असतं. तो म्हणतो, "एकदम ताजी आहे साहेब," आणि फ्रीझरचं झाकण उघडायला आत जातो. दोघंही समाधानात असतात. मध्ये पडू नये.

हर्णैला मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. होड्या बाहेर थांबतात, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी किनाऱ्यावर आणतात, आणि मग वाळूवर ढीग पडून बोली सुरू होते. आम्ही तिथं निव्वळ प्रेक्षक म्हणून गेलो होतो. परत निघालो तेव्हा मालवणीच्या हातात एक पिशवी होती. "काही नाही, थोडे सोडे घेतले, बोंबील घेतले." त्याने ते कागदात, कागद प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये आणि ते सगळं माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळलं. पहिल्या तासात कोणालाच काही कळलं नाही. दुसऱ्या तासात डॉक्टरने एसी बंद केला. तिसऱ्या तासात मास्तर, जो कधी तक्रार करत नाही, म्हणाला की त्याला आता प्राणायाम करता येत नाही. गाडीच्या काचा सबंध प्रवासात खाली राहिल्या त्या अशा. निदान जाहिरातीतली तेवढी एक गोष्ट जमली.

वेळासला कासवं पाहायला गेलो होतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या पुळणीवर अंडी घालतात. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती जपली, आणि आता उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गर्दी होते. पहाटे उठून, थंडीने कुडकुडत, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. टोपली उचलली की तळहाताएवढी पिल्लं वाळूवर पडतात आणि थेट पाण्याकडे निघतात. कुठल्या बाजूने जायचं, आधी चहा घ्यायचा का, अर्धे या वाटेने आणि अर्धे त्या वाटेने जाऊ का, यांपैकी काहीही न विचारता. आमचा ग्रुप त्यांच्याकडे बराच वेळ अवाक होऊन बघत होता.

विजयदुर्गावर मात्र भांडण झालं. मालवणीने तटावर उभं राहून जाहीर केलं, की हेलियम वायूचा शोध इथंच लागला. मास्तर म्हणाला, नाही. मालवणी म्हणाला, इथं दर वर्षी 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो तो काय उगीच? तेव्हा मास्तरने घसा साफ केला. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं. पण ते पाहायला फ्रान्सचा यान्सेन बसला होता गुंटूरला. नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ तिथूनच पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. "मग हे साहेबाचे ओटे?" मालवणीने विचारलं. "ओटे त्याचेच. दुर्बिणी ठेवायला. पण हेलियम त्याच्या आधी सापडलेला." मालवणी थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. सापडला तिकडे असेल. पण बघायला त्याला आमच्याकडेच यावं लागलं." यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरने घड्याळ दाखवलं, आणि बँकेने तक्त्यात 'विजयदुर्ग: वाद' अशी नोंद केली.

सूर्यास्ताबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अरबी समुद्रावर तो रोज होतो, आणि त्या वेळी आम्ही रोज फेरीच्या रांगेत असतो.

पण खरं सांगायचं तर सहलीतलं आमचं उत्तम बोलणं या रांगांमध्येच होतं. चालत्या गाडीत प्रत्येकाच्या हातात फोन. धक्क्यावर रेंज नाही, बोट पलीकडे, ओहोटीने पाणी खाली गेलेलं. मग डॉक्टर आपल्या मुलाबद्दल बोलतो, जो त्याच्याशी बोलत नाही. मास्तर सांगतो की त्याला खरं म्हणजे जहाजावर जायचं होतं. बँक कोणालाही न सांगता सगळ्यांचे वडे आणतो आणि ते हिशेबात धरत नाही. आम्ही यावरून एकदा अगदी गहिवरून आलो आणि एकमताने ठराव केला, की या खाड्यांवर पूल होताच कामा नयेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब आम्ही पाहिले होते. ते तसेच राहोत असंही कोणी तरी म्हणालं. मला वाटतं मीच.

वड्यांच्या गाडीवरच्या मावशीने हे ऐकलं. "होतोय कुठं पूल?" ती म्हणाली. "माझं लग्न झालं तेव्हापासून होतोय."

शेजारी मोटारसायकलवर एक तरुण बसला होता. "तुम्हाला मजा वाटते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "रात्री बोट बंद झाली, की आजारी माणसाला सगळा वळसा घालून न्यायला लागतं. माझ्या वडलांना नेलं होतं तसं." मग डॉक्टरकडे बघून, "तुम्ही डॉक्टर ना? काचेवर चिन्ह आहे."

डॉक्टरने वडा कागदावर ठेवला. ठराव आपोआप बारगळला. मास्तरने विषय सावरायला मावशीला विचारलं, "पण मावशी, पूल झाला तर तुमच्या धंद्याचं काय?"

"काय व्हायचंय? पुलाच्या तोंडाशी गाडी लावीन. फोटो काढायला माणसं थांबतातच." तिने घाणा काढला. "आणि तिथं तर रांगेत नंबर जायची भीती नाही. सावकाश खातील."

तिची योजना आमच्या बँकेच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा सरस होती, हे बँकेनेच कबूल केलं.

शेवटची खाडी तेरेखोलची. तिच्या पलीकडे गोवा, असं सगळे धरून चालतात. पण तेरेखोलचा किल्ला खाडीच्या अलीकडच्या, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही तो गोव्यातच मोडतो; 1746 मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला तेव्हापासूनची ही व्यवस्था. इतक्या खाड्या ओलांडल्या, आणि गोवा आला तो खाडी ओलांडायच्या आधीच! डॉक्टर म्हणाला, म्हणजे आपण पोचलो, आता पलीकडे जायचं कारण नाही. मास्तर म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मालवणीला तर मालवण मागे पडल्यापासून प्रवास संपल्यासारखाच वाटत होता. गाडी वळवायचं एकमताने ठरलं.

वळवायला म्हणून डॉक्टर धक्क्यापर्यंत खाली उतरला. समोर केरीची फेरी लागलेली, आणि तिच्यासमोर गाड्यांची रांग. डॉक्टरने एक शब्द न बोलता गाडी रांगेच्या शेवटी लावली. आम्ही चौघं उतरलो. मालवणीने वडे कुठं मिळतात याचा शोध सुरू केला, मास्तर फलक वाचायला गेला, आणि बँकेने वहीत नवं पान उघडलं.

"इथून पुढचं गोव्याच्या खात्यात," तो म्हणाला. "आणि जाण्याआधी महाराष्ट्राचं खातं बंद करायचंय. सोडे आणि बोंबील कोणाच्या नावावर टाकू?"